पावणेदोन भागिले अर्धा

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा कार्यवाहांनी आताच आपल्यासमोर मांडला. शाळेची पहिली खोली, पहिली घंटा, दिवंगत गुरुजन या साऱ्यांचे कृतज्ञ स्मरण झाले. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला आज आपल्यापुढे एक वेगळा विषय ठेवायचा आहे. समारंभाच्या दिवशी तो थोडा अवघड वाटेल, पण घरच्या माणसांशी नाही बोलायचे तर कोणाशी? विषय आहे शिक्षकांच्या परीक्षेचा. त्यातही प्राथमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या परीक्षेचा.

आपण ज्या नगरीत बसलो आहोत, तिला या विषयाचा वारसा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. साऱ्या देशातील मुलांना हा हक्क कायद्याने मिळाला तो २००९ मध्ये. मूल शाळेत आलेच पाहिजे, हे महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठरवले. त्या मुलासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला स्वतःला काय आले पाहिजे, हा प्रश्न त्याला लागूनच येतो, आणि तो आज आमच्या दाराशी येऊन उभा आहे.

बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याला अनुसरून २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे आपण जिला ‘टेट’ म्हणतो ती, आवश्यक ठरली. नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांपुरतीच ती आहे, असे आम्ही जुनी मंडळी धरून चाललो होतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने हा समज मोडला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली आहेत, अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहेत, त्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल. मात्र या परीक्षेविना बढती मिळणार नाही. धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत अशा शाळांना या बंधनातून वगळले.

गुजरातेतील आपली मराठी शाळा ही भाषिक अल्पसंख्याकांची शाळा आहे. त्यामुळे त्या सप्टेंबरात आमच्या शिक्षकदालनात आधी चिंता पसरली आणि मग सुटकेचा निःश्वास ऐकू आला. “बाई, आपल्याला नाही ना द्यावी लागणार?” असे मला दिवसातून चार जणी विचारीत. मी तर दुहेरी सुटीत बसते. शाळा अल्पसंख्याकांची, आणि माझ्या निवृत्तीलाही पाच वर्षे उरलेली नाहीत.

तरीही आम्ही ही परीक्षा देण्याचे ठरवले. हा निर्णय सहजासहजी झाला नाही. माझ्याहून थोड्याच लहान असलेल्या एक ज्येष्ठ शिक्षिका सभेत उठून म्हणाल्या, “तीस वर्षे मी मुलांच्या परीक्षा घेतल्या. माझ्या हाताखालची मुले डॉक्टर झाली. आता माझी परीक्षा घेऊन काय सिद्ध व्हायचे आहे?” त्यांचा आवाज भरून आला होता. या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही, पण त्या क्षणी ते देणे मला जड गेले. त्या जे म्हणत होत्या त्यात तथ्य होते. जिने आयुष्य वर्गात घालवले, तिची पात्रता अडीच तासांच्या कागदावर ठरावी, यात अपमानाची एक छटा आहेच. मी त्यांना एवढेच म्हटले, “आधी आपण आपल्यापुरती, दार लावून, एक प्रश्नपत्रिका सोडवून पाहू. मीही बसते.”

त्या प्रश्नपत्रिकेकडे जाण्यापूर्वी परीक्षेची रचना सांगते. पालकांना तिची कल्पना असायला हवी. केंद्रीय पात्रता परीक्षेत पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या प्रश्नपत्रिकेत १५० प्रश्न असतात. बालविकास, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग. प्रत्येकी ३० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळाले की उमेदवार पात्र ठरतो. मात्र प्रत्येक विभागात अमुक इतके गुण हवेत, अशी अट नाही.

आता एक साधा हिशेब करू. भाषेची उत्तम जाण असलेल्या एखाद्या शिक्षिकेला बालविकासात २५ आणि दोन भाषांत २६ व २७ गुण मिळाले. बेरीज झाली ७८. उरले १२ गुण, ते गणित आणि परिसर अभ्यास मिळून ६० प्रश्नांतून मिळवायचे. चार पर्यायांचे ६० प्रश्न डोळे मिटून खुणा करीत सोडवले, तरी सरासरीने १५ उत्तरे बरोबर येतात! म्हणजे गणित-विज्ञानातले काहीही न कळता ती शिक्षिका पात्र ठरू शकते, आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात अपूर्णांक शिकवू शकते. माझ्यासारख्या बी.एड. झालेल्यांसाठी सहावी ते आठवीची जी दुसरी प्रश्नपत्रिका असते, तिच्यात गणित-विज्ञानाऐवजी सामाजिक शास्त्रे निवडण्याची मुभा आहे. तेथे मला गणिताचे तोंडही पाहावे लागणार नाही.

परीक्षा कठीण झाल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. माझी तक्रार थोडी उलटी आहे. ज्या ठिकाणी ती आम्हाला अडवायला हवी, नेमकी तेथेच तिच्यात फट आहे. म्हणून आम्ही स्वतःसाठी एक वेगळा नियम केला : गणित आणि परिसर अभ्यास यांचे गुण वेगळे मोजायचे, आणि प्रत्येक उत्तराखाली ‘का’ ते लिहायचे.

दार लावून आम्ही अकरा जणी बसलो. निकाल सांगताना संकोच वाटतो, पण सांगते. गणितात मला ३० पैकी १७ गुण मिळाले. मी एम.ए. मराठी. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली. आमच्यापैकी बहुतेकींची कथा हीच आहे. कोणी पी.टी.सी. केले, कोणी कला शाखेतून आल्या. प्राथमिक शिक्षिका व्हायला गणित लागत नाही, असा समज घेऊनच आम्ही या व्यवसायात आलो.

गुणांपेक्षा मोठा धडा मात्र एका प्रश्नाने दिला. तो प्रश्नपत्रिकेत नव्हता. मी मुद्दाम घातला होता. पावणेदोन भागिले अर्धा किती? आणि या भागाकाराची एक गोष्ट सांगा, म्हणजे मुलांना सांगता येईल असे व्यवहारातले उदाहरण द्या.

उत्तर बहुतेकींनी काढले. ‘अर्ध्याला उलटे करा आणि गुणा’ ही रीत पाठ होती. साडेतीन. पण गोष्ट? अकरापैकी आठ जणींनी लिहिले : ‘पावणेदोन पोळ्या दोन मुलांत सारख्या वाटल्या.’ हा झाला दोनने भागाकार. त्याचे उत्तर पोळीहून थोडे कमी येते. साडेतीन कसे येईल? दोघींनी कागद कोरा ठेवला. एकीनेच बरोबर लिहिले, आणि ती होती परीक्षेला विरोध करणारी आमची तीच ज्येष्ठ शिक्षिका. तिने लिहिले : ‘पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या. तीन पिशव्या पूर्ण भरतील आणि चौथी अर्धी भरेल.’ खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती : ‘मुले येथे चुकतात. उरलेले दूध पाव लिटर असते, म्हणून ती सव्वातीन म्हणतात. पण ते पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी.’

ती ओळ वाचून मी थांबले. तीस वर्षांच्या अनुभवाने काय सिद्ध होते, या तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच लिहून दिले होते. अर्धे कशाचे, लिटरचे की पिशवीचे? अपूर्णांकांचा सारा गोंधळ या एका प्रश्नात साठलेला असतो, आणि मूल नेमके कोठे घसरणार हे तिला ठाऊक होते. हे ज्ञान चार पर्यायांत मावत नाही.

हाच भागाकार, हेच आकडे घेऊन ली-पिंग मा यांनी अमेरिका आणि चीन येथील प्राथमिक शिक्षकांचा अभ्यास केला होता. त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमधील शिक्षकांचे औपचारिक शिक्षण कमी वर्षांचे होते, तरी ७२ पैकी ७२ जणांनी उत्तर बरोबर काढले आणि बहुतेकांनी त्याला योग्य उदाहरणही दिले. अमेरिकेतील पदवीधर शिक्षकांपैकी निम्म्यांहून कमी जणांना उत्तर पूर्ण बरोबर काढता आले, आणि अर्थाला धरून उदाहरण देऊ शकला तो एकच. त्यांचीही घसरण आमच्यासारखीच : अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागणे. हे वाचून मला थोडा धीर आला. आमचे अज्ञान काही जगावेगळे नव्हते. आणि पदव्यांची संख्या वाढवून ते जात नाही, हेही कळले. चिनी शिक्षक शाळेत एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करतात, एकेका उदाहरणावर चर्चा करतात. त्यांचे गणित नोकरी लागल्यानंतर पक्के होत गेले.

येथे आपल्या भाषेविषयी दोन शब्द. सभागृहात जी आजोबा मंडळी बसली आहेत, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असेल. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठीत पूर्णांकांइतकेच घरचे आहेत. ‘पावणेदोन’ म्हणताच दोनात पाव कमी, हे चित्र मुलाच्या डोळ्यांपुढे येते. भाजीवाल्याशी व्यवहार करणाऱ्या आईच्या तोंडून पाचवीतल्या मुलाने अपूर्णांक आधीच ऐकलेले असतात. मराठी माध्यमाने दिलेली ही शिदोरी आम्ही शिक्षकच वर्गात उघडत नव्हतो. फळ्यावर अंश-छेद मांडून नियम सांगत होतो.

भाषा मदत करते तशी अडवतेही. ‘त्रेपन्न’ ऐकताना मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे. म्हणून दुसरीतले मूल ३५ लिहून मोकळे होते. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी; ते ३१ लिहिणारे मूलही दरवर्षी भेटते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची रीत आली, तेव्हा केवढे वादळ उठले ते आपल्याला आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या प्रमुख होत्या. ती रीत स्वीकारावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण तिच्यामागे मुलाच्या अडचणीचा खरा विचार होता. ३५ लिहिणाऱ्या मुलाला ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे मी वर्षानुवर्षे विचारत आले. त्याचे लक्ष कानाकडे होते. चूक कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

विज्ञानाचीही तीच गोष्ट. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली येते’ हे आम्ही सगळ्यांनी शिकवले आहे. गेल्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी उभी केली आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने आखले. बारा वाजले, सावली अजून लहान होतच होती. सर्वांत आखूड झाली ती साडेबारा उलटून गेल्यावर, आणि तेव्हाही तिची लांबी जवळजवळ एक मीटर, म्हणजे काठीएवढीच होती! पायाखाली कुठली?

मग पुस्तके उघडली. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते. बडोदे त्याच्या पश्चिमेला सुमारे सव्वानऊ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे आपले मध्यान्ह घड्याळाच्या सरासरी ३७ मिनिटे मागे. सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवशी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. त्यातला पहिला दिवस सुटीत जातो आणि दुसरा ढगांत. दिल्लीच्या मुलाला तर तो कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. एका काठीने आम्हाला रेखांश, प्रमाणवेळ, ऋतू आणि थोडा भूगोल शिकवला. त्या दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या आम्ही अकरा जणी चौथीतल्या मुलींसारख्या एकमेकींच्या हातून खडू ओढत होतो.

ही वाट नवी नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तीस वर्षे चालला. मुलांनी करायचे प्रयोग तेथे शिक्षक आधी स्वतःच्या हातांनी करून पाहत, आणि दर महिन्याला एकत्र जमून वर्गातल्या अडचणी मांडत. आम्ही तोच धडा गिरवतो आहोत. दर महिन्याच्या दोन शनिवारी, शाळा सुटल्यावर दोन तास आम्ही बसतो. एका वेळी एकच प्रश्न. आधी स्वतः सोडवायचा, मग मुले कोठे चुकतील ते लिहायचे, मग त्या चुकीतून बाहेर काढणारे उदाहरण शोधायचे. या बैठका चालवतात त्या आमच्या ज्येष्ठ शिक्षिका, पिशव्यांची गोष्ट लिहिणाऱ्या. पात्रता परीक्षेचा अर्ज त्याही भरणार आहेत, मीही भरणार आहे. अपयश आले तर ते याच व्यासपीठावरून सांगेन, आणि पुन्हा बसेन. मुलांना आम्ही हेच शिकवतो ना?

आता आपल्याकडे दोन मागण्या आहेत.

पहिली माजी विद्यार्थ्यांकडे. या सभागृहात अभियंते आहेत, औषधनिर्माण कारखान्यांत काम करणारे रसायनतज्ज्ञ आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. महोत्सवासाठी आपण उदार हस्ते देणग्या दिल्या, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. त्याहून मोलाचे काही मागते : वर्षातला एक शनिवार. आमच्या बैठकीला या. शिकवायला येऊ नका, आमच्याबरोबर अडायला या. ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ हा प्रश्न आम्ही विचारला आणि आपल्यालाही चटकन सांगता आले नाही, तर तो शनिवार सार्थकी लागला असे समजा.

दुसरी मागणी पालकांकडे, विशेषतः माझ्या भगिनींकडे. “मलाही गणित कधी जमले नाही, हिला कुठून जमणार?” हे वाक्य घरात उच्चारू नका. पालकसभेत मी ते दरवर्षी ऐकते, आणि बहुधा ते मुलीविषयी असते. एका पिढीची भीती दुसऱ्या पिढीला देण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे. मीही ती भीती नकळत कितीजणींना दिली असेल, याचा हिशेब मला लावता येत नाही. त्याऐवजी मुलीला दूध मोजू द्या, पोळीचे सारखे तीन भाग करू द्या, अंगणातली सावली आखू द्या. आणि शिक्षिका परीक्षेला बसल्या आहेत असे कळले, तर “म्हणजे यांना येत नव्हते की काय?” असे म्हणण्याआधी क्षणभर थांबा. ज्यांना कायद्याने सूट होती, त्या स्वतःहून बसल्या आहेत.

मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, हे आपण सारे जाणतो. आपण गुजरातेत राहतो. आपल्या मुलांपुढे गुजराती आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे. केवळ मायबोलीच्या प्रेमाखातर पालक मुलाला येथे पाठवतील, ही अपेक्षा मी ठेवत नाही. येथे गणित नीट समजते, विज्ञान हाताने करून पाहायला मिळते, आणि येथील शिक्षक स्वतः शिकत असतात, एवढे जरी गावात बोलले गेले, तरी शाळेला आणखी साठ वर्षांची चिंता नाही.

त्या पहिल्या शनिवारची माझी उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. ३० पैकी १७. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एखादे मूल नापास होऊन रडत माझ्या खोलीत आले, की मी त्याला ती दाखवते. परवा तिसरीतली एक मुलगी ती पाहून म्हणाली, “बाई, मग तुम्ही परत केलंत का?”

करते आहे, बाळ. दर शनिवारी करते आहे.